अंगठा, ओटीपी आणि बंद पडलेली पेटी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पत्रं वेगवेगळ्या जिल्ह्यांतून येतात, घोळ मात्र एकच असतो. एखादी सेवा ऑनलाइन झाली की ती सगळ्यांपर्यंत पोचली असं धरलं जातं. कार्यालयं तसं धरतात आणि नाइलाजाने लोकही तसंच मानू लागतात. त्याच त्या गैरसमजांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (जव्हार तालुका): ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी बसवली आहे, पण दिवा कधी लागतो, कधी नाही. कागदावर मात्र गाव ‘जोडलेलं’ आहे. असं कसं?

कारण मोजणी तार पोचली आणि यंत्र बसलं इथेच थांबत आली. ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेण्याची ही योजना ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झाली आणि २०१५ पासून तिला भारतनेट म्हणू लागले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरलं होतं, त्यातला एक लाखाचा पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला. पुढच्या टप्प्याचं काम महाराष्ट्राने ‘महानेट’ म्हणून स्वतःकडे घेतलं. तालुक्यापासून गावापर्यंत बहुतेक ठिकाणी एकच सरळ तार गेली आहे. रस्ता रुंद करताना जेसीबीने ती तोडली की पुढची सगळी गावं बंद पडतात, आणि दुरुस्ती कोणी करायची यावर नुसता पत्रव्यवहार चालतो. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात वर्तुळाकार जोडणी (एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सुरू राहणारी) आणि दहा वर्षांची देखभाल धरली आहे, म्हणजे दुखणं सरकारलाही ठाऊक आहे.

तोंडी तक्रारीचा उपयोग नाही. जोडणी कोणत्या तारखेला बंद पडली आणि कधी सुरू झाली याची साधी वही ग्रामपंचायतीत ठेवा. ती वही जोडून ग्रामसभेचा ठराव करा आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या. मजकूर पाठवण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना दाखवा. यंत्र नेमकं कोणाच्या ताब्यात आहे हे त्यांच्या कागदांत सापडेल.

प्रश्न (सातारा): आईचा साधा फोन आहे, तिला फक्त बोलायचं असतं. डेटासकट महाग रिचार्ज करावाच लागतो का?

नाही. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्याच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानुसार प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचं रिचार्ज ठेवलंच पाहिजे, त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार ‘असं काही नसतं’ म्हणाला तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारा.

प्रश्न (अक्कलकुवा आणि बीड, दोन पत्रं एकत्र): सासूबाईंचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाही. दुकानदार म्हणतो, ‘आधी आधार नीट करून आणा.’ / माझ्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला आहे आणि तो पुण्यात असतो. ओटीपी येईपर्यंत केंद्रावरच्या रांगेतला माझा नंबर निघून जातो. काय करावं?

आधी रेशनचं. कार्डावरच्या कोणाही एका सदस्याची ओळख पटली की पूर्ण कुटुंबाचं धान्य मिळतं, त्यामुळे सासूबाईंचाच अंगठा हवा असा आग्रह धरता येत नाही. त्या एकट्याच असतील तर पुढचे मार्ग आहेत. केंद्र सरकारच्या २४ ऑक्टोबर २०१७ च्या सूचना स्पष्ट आहेत: बोटांचे ठसे जुळले नाहीत, रेंज नव्हती, यंत्र बिघडलं, यांपैकी कोणत्याही कारणाने पात्र माणसाला धान्य नाकारायचं नाही. अपवाद म्हणून नोंद करायची आणि धान्य द्यायचं. दुकानदाराला ही नोंद करायला सांगा. नाहीच म्हणाला तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करा आणि लेखी अर्ज जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे द्या. प्रत्येक सदस्याची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी, ही वेगळी बाब आहे. तिथे अंगठा चालत नसेल तर बुबुळ किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे का, ते पुरवठा निरीक्षकांना विचारून घ्या.

आता यामागचं सांगतो, कारण माझ्याकडे सर्वांत जास्त पत्रं याचीच येतात. ऊस तोडणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. ज्यांना या योजनांची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांचेच ठसे यंत्राला वाचता येत नाहीत. हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून तर अपवादाची सूचना काढावी लागली. पण दुकानापर्यंत यंत्र पोचलं आणि सूचना पोचली नाही.

फोनचंही तसंच आहे. घरात फोन असणं वेगळं आणि तो बाईच्या हातात असणं वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या ५४ टक्के स्त्रियांनी स्वतः वापरण्याजोगा मोबाइल असल्याचं सांगितलं. कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. आकडे आता वाढले असतील, पण ओटीपीचा आराखडा करणाऱ्याने प्रत्येक बाईकडे स्वतःचा नंबर, चालू सिम, भरलेलं रिचार्ज आणि मेसेज वाचण्यापुरतं अक्षरज्ञान आहे असं गृहीत धरलेलं असतं. यातलं एक जरी नसलं तरी ती योजनेबाहेर राहते. लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा पती किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी लागली. विधवा, घटस्फोटित, टाकलेल्या बायकांनी कोणाचा ओटीपी आणायचा? त्यांच्यासाठीची वाट नंतर काढली गेली. ती आधी काढायची होती.

माझं म्हणणं एवढंच आहे: ऑनलाइन मार्ग जरूर असावा, पण कागद आणि खिडकी बंद करू नये. प्रत्येक योजनेच्या शासन निर्णयातच ‘फोन नसलेल्याने काय करायचं’ याचं उत्तर असलं पाहिजे, आणि ते गावच्या चावडीवर लावलेलं असलं पाहिजे. खिडकी बंद केल्याने वाचलेला खर्च संपत नाही. तो बाईच्या बुडालेल्या मजुरीतून आणि एसटीच्या भाड्यातून वसूल होतो.

बीडच्या ताईंनी स्वतःच्या नावाचं सिम घ्यावं आणि आधार सेवा केंद्रावर जाऊन तो नंबर जोडून घ्यावा. त्यासाठी जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही. हे काम ‘घरबसल्या करून देतो’ म्हणणाऱ्याला आधारची प्रत देऊ नका. आणि सेवा केंद्रावर अंगठा लावून बँक खात्यातले पैसे काढताना ‘अंगठा नीट लागला नाही, पुन्हा लावा’ असं म्हटलं तर आधी पावती मागा. पहिल्याच अंगठ्याला खात्यातून पैसे गेल्याच्या तक्रारी फार आहेत.

प्रश्न (लातूर): उत्पन्नाच्या दाखल्यासाठी केंद्रचालक ठरलेल्या दरापेक्षा बरेच जास्त मागतो आणि वर ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून परत पाठवतो.

दरफलक केंद्रात लावणं बंधनकारक आहे. फलकावरचाच दर द्या आणि पावती घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्याखाली अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते आणि अर्जाची पोच मिळणं हा तुमचा हक्क आहे. मुदत संपली किंवा अर्ज नाकारला गेला की ३० दिवसांत पहिलं अपील करा. सबळ कारणाशिवाय कसूर केल्याचं ठरलं तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला, ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मात्र पोच नसेल तर मुदत कुठून मोजायची हेच ठरत नाही, म्हणून ‘सर्व्हर सुरू झाला की टाकतो’ यावर कागद ठेवून येऊ नका. जास्त पैसे घेतल्याची तक्रार तहसीलदारांकडे लेखी द्या.

प्रश्न (नागपूर): मला दृष्टी नाही. बँकेची व्हिडिओ केवायसी करताना ‘डोळे मिचकावा’ असं सांगतात आणि अर्ज बाद होतो.

बाद करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी नेमक्या याच प्रश्नावर निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्ती आणि दृष्टिहीन व्यक्ती यांच्या याचिका होत्या. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि केवायसी सर्वांना करता यावी म्हणून २० निर्देश दिले. शाखेत लेखी अर्ज देऊन निकालाचा उल्लेख करा आणि पर्यायी पद्धत मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याआधी पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचा सल्ला घेतलात तर अर्ज पक्का होईल.

प्रश्न (पुणे): मग इंटरनेट हा मूलभूत हक्क झाला ना? गावात टॉवर नाही म्हणून थेट कोर्टात जाऊ का?

इतकं सरळ नाही, आणि मोबाइलवर फिरणारे मेसेज यात फार गोंधळ घालतात. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते असं, की इंटरनेटवरून बोलणं आणि व्यवसाय करणं याला घटनेचं संरक्षण आहे आणि ते बेमुदत बंद ठेवता येणार नाही. सरकारने प्रत्येक घरी जोडणी द्यावी असा त्याचा अर्थ होत नाही. टॉवरसाठी दुसरी वाट आहे. जुलै २०२२ मध्ये २४,६८० सेवाविरहित गावांत फोर-जी नेण्याची योजना मंजूर झाली. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते माहिती अधिकारात विचारा आणि कंपन्यांनी संकेतस्थळांवर टाकलेले व्याप्तीचे नकाशे पाहा. नकाशात रेंज आणि गावात शून्य असं असेल तर तो तक्रारीचा भक्कम आधार आहे. न्यायालयाचा विचार तालुका विधी सेवा समितीच्या वकिलांशी बोलल्यावरच करा.

प्रश्न (चिपळूण): माझं चहाचं दुकान आहे. ‘पीएम-वाणी’ वायफायचं लायसन्स मिळवून देतो म्हणून एकजण पैसे मागतो आहे. घ्यावं का?

असं लायसन्सच नसतं. पीएम-वाणी ही दुकानांतून लोकांना वायफाय देण्याची केंद्राची योजना आहे. डिसेंबर २०२० मध्ये ही योजना मंजूर झाली तेव्हाच दुकानदाराला परवाना, नोंदणी आणि शुल्क या तिन्हींतून सूट दिली आहे. तुम्हाला लागते ती ब्रॉडबँड जोडणी, योग्य राउटर आणि सरकारकडे नोंदलेल्या एका ॲग्रिगेटरशी (अशा अनेक दुकानांचं वायफाय एकत्र जोडणाऱ्या कंपनीशी) करार. पूर्वी अशा जोडणीला कंपन्या वाटेल तो व्यावसायिक दर लावत. जून २०२५ मध्ये ट्रायने २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीची मर्यादा घातली, त्याहून जास्त देऊ नका. कराराचा मसुदा सही करण्याआधी जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. आगाऊ रक्कम भरून बसला असाल तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा.