वाचक विचारतात : कायाकॉय ओसाड का पडलं?

प्रश्न : तुर्कस्तानात फेथियेजवळ कायाकॉय नावाचं ओसाड गाव आहे. १९२३ मध्ये तिथले ग्रीक गेले आणि बदल्यात ग्रीसमधले मुसलमान आले, असं वाचलं. मग घरं रिकामी कशी? आणि पाहायला जायचं तर काय पाहावं?

उत्तर : आलेली मंडळी तिथे टिकली नाहीत. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात ३० जानेवारी १९२३ ला लोझान (स्वित्झर्लंड) इथे झालेल्या करारात अदलाबदल ठरली ती धर्मावरून. घरात कोण कुठली भाषा बोलतं हे कुणी विचारलं नाही. आधीच पळालेले धरून सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला गेले, तिकडून साडेतीन-चार लाख मुसलमान आले. हिशेबातच घरं जास्त आणि माणसं कमी.

त्यातून हे गाव, तेव्हाचं लेविसी, बहुतांशी कारागीर-व्यापाऱ्यांचं. घरं खडकाळ उतारावर, एकमेकांचा उजेड न अडवता बांधलेली. खालची सपाट जमीन शेतीची, आणि ती कसणारे मुसलमान शेजारी तिथे आधीपासून होतेच. ग्रीसच्या मॅसेडोनिया भागातून आलेल्या शेतकऱ्याला डोंगरावरचं घर देऊन काय उपयोग? बहुतेक जण दुसरीकडे निघून गेले. भुताखेतांच्या गोष्टी पर्यटकांसाठी ठीक आहेत. खरी अडचण जमिनीची होती. लेविसी आणि मक्री (आजचं फेथिये) इथले बरेच लोक अथेन्सजवळ वसले. त्या गावाचं नाव नेआ मक्री.

आता भिंती. रिकाम्या घरांच्या तुळया, दारं, खिडक्या लोकांनी काढून नेल्या. छप्पर गेलं की पाऊस थेट भिंतीच्या माथ्यावर पडतो, सांध्यातला माल धुपतो, फटीत अंजीर रुजतं आणि मुळं दगड सुटे करतात. १९५७ च्या भूकंपाने उरलीसुरली पडझड केली. म्हणून भिंतीवर चढू नका, टेकूही नका.

आत शिरलात की भिंतीतल्या चौकोनी खोबणींची ओळ शोधा. तुळया तिथे बसायच्या, म्हणजे मजला कुठे होता ते लगेच कळतं. वर राहणं, खाली कोठार आणि जनावरं. घराजवळ पावसाच्या पाण्याचं टाकं असतं. उतारावर दुसरी सोय नव्हती. काही टाकी उघडीच आहेत, मुलांचा हात सोडू नका. चर्चच्या अंगणात काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी आहे, त्यावरून जपून चाला.

फेथियेहून कायाकॉय साधारण ८ किलोमीटर, दोल्मुश म्हणजे शेअर मिनीबस मिळते. उन्हाळ्यात सकाळीच जा, वर सावली फारशी नाही. चपला नकोत, तळ घट्ट असलेले बूट हवेत. पायांत जोर असेल तर पाइनच्या रानातून समुद्रकाठच्या ओल्युदेनिझला खुणा रंगवलेली पायवाट जाते. दोन-अडीच तास धरा, माणशी दीड-दोन लिटर पाणी न्या. तिथून फेथियेला परतायला पुन्हा दोल्मुश आहे, त्यामुळे आल्या वाटेने चढून यावं लागत नाही.