बाईला मी ओळखते, मोबाईल ओळखत नाही

"मी पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. वय ५३. बाईच्या चालीवरून कितवा महिना ते सांगते, पण मोबाईल हातात घेतला की छाती धडधडते. आहाराची पाकिटं द्यायची तर आधी मोबाईलवर आईचा चेहरा आधारच्या फोटोशी जुळायला लागतो. एकीचा चार दिवस जुळला नाही, तर तिची सासू मलाच बोलली. रात्री दहाला ग्रुपवर नोंदी कमी असलेल्यांची यादी पडते, त्यात माझं नाव वरच. झोप उडालीय. मुलगा म्हणतो, आई, तुला जमत नाही, सोड. राजीनामा देऊ का?"
– एक सेविका

ताई,

राजीनाम्याचा कागद आधी फडताळात टाका. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निकाल दिलाय. मध्येच सोडलं तर हातात काय पडेल, हे संघटनेच्या बाईंना विचारल्याशिवाय सही करायची नाही.

आता त्या चेहऱ्याचं. रेंज मिळते म्हणून तुम्ही तिला बांधावर उभं करता, कडेवरचं पोर पदर ओढतंय, तुम्ही म्हणताय "डोळे मिचकाव गं", आणि स्क्रीनवर ते चाक गोल गोल फिरतंय. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, त्यानंतर दोन बाळंतपणं झाली, गाल आत गेले. ओटीपी जातो नवऱ्याच्या नंबरवर आणि नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर. यात तुमचं काय चुकलं, ते मला पत्र तीनदा वाचूनही सापडलं नाही. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहाराला चेहरा पडताळणी सक्तीची झाली; रेंज काही त्या तारखेला पाड्यावर आली नाही.

मुलाला एक आठवण सांगा. पोषण ट्रॅकर, म्हणजे तुम्ही नोंदी भरता ते ॲप, आला मार्च २०२१ मध्ये, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. फोन तापतात, अडकतात, ॲप इंग्रजीत आहे, अशा तक्रारी होत्या. त्या सगळ्यांनाच जमत नव्हतं का? त्यापेक्षा त्याला म्हणावं, अक्षरं मोठी करून दे. आणि तुम्ही चष्म्याचा नंबर तपासून घ्या. शेवटचा कधी तपासला होता?

एक वही करा. तारीख, वेळ, बाईचं नाव, स्क्रीनवर काय आलं, एवढंच. पंधरा दिवसांनी बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या, बैठकीत बाकीच्या जणींनाही त्यांच्या वह्या काढायला लावा, सगळ्यांच्या सह्यांचा एक अर्ज करा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही. एकटीने तोंडी सांगितलं की ती रड होते. सासूलाही अडलेला स्क्रीन दाखवा, तिला दिसू दे कुठे अडलंय ते.

रात्रीच्या यादीचं माझं मत स्पष्ट आहे. ग्रुपचा आवाज बंद, फोन चुलीजवळच्या फळीवर. पर्यवेक्षिकाबाईंना शांतपणे सांगा, "मॅडम, नऊनंतरचं मी सकाळी बघते." त्या चिडतील बहुतेक. त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी अशीच यादी घेऊन बसलेलं असतं, म्हणून भांडू नका. पण फोनही उचलू नका.

धडधड मात्र सगळी मोबाईलवर ढकलू नका. हे वय पाळी जाण्याचं. आरोग्य केंद्रात लसीकरणाला जाताच, तेव्हा स्वतःचं बीपी, साखर आणि थायरॉइडही बघून घ्या. रात्री फारच घालमेल झाली तर १४४१६ लावा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात.

आणि चेहरा न जुळलेल्या त्या बाईला तालुक्याच्या आधार केंद्रावर पाठवून फोटो नवा काढून घ्या, नंबरही जोडायला सांगा. सोबत सासूलाच धाडा. रांगेत पोर कोणीतरी धरायला हवंच.