राजापुरातलं पडीक रान: ओढायचा मॉवर, स्लॅशर की मल्चर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राजापूर तालुक्यात वडिलोपार्जित साडेपाच एकर, त्यात आंबा-काजूची सत्तरेक झाडं, आणि दहा-बारा वर्षं कुणी फिरकलं नाही म्हणून बाकी सगळं रान. अमेरिकेतल्या भावाने क्वाड बाइकमागे (चारचाकी मोटरसायकलमागे) ओढायच्या मॉवरचा, म्हणजे गवत कापायच्या यंत्राचा, व्हिडिओ पाठवला. तसा मागवावा, की मिनी ट्रॅक्टर घेऊन त्याच्यामागे गवत-झुडपं कापणारा स्लॅशर किंवा त्यांचा भुगा करणारा मल्चर लावावा?

मी संगमेश्वराकडचा. सहा एकर बाग, निम्मी कातळाला लागून. आठ वर्षं चार फुटी स्लॅशर चालवतोय आणि त्यात दोन चुका पदरचे पैसे घालून केल्या आहेत, त्या पुढे सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: स्लॅशर घ्या, पण या वर्षी घेऊ नका. ही यंत्रं मोकळं केलेलं रान मोकळं ठेवतात. माजलेलं रान मोकळं करणं हे काम वेगळं, आणि त्याला अजून तरी कोयता, कुदळ आणि माणसंच लागतात.

व्हिडिओतल्या यंत्राचं आधी बोलू. त्याला स्वतःचं पेट्रोल इंजिन असतं, पुढे क्वाड, जीप किंवा लहानसा गार्डन ट्रॅक्टर फक्त ओढतो. अमेरिकेत हे शहाणपणाचं आहे. तिथे दहा-वीस एकराच्या मालकाकडे क्वाड असतेच, पीटीओवाला (मागच्या यंत्राला इंजिनाची ताकद पोचवणारा फिरता दांडा असलेला) ट्रॅक्टर असेलच असं नाही, आणि कुरण सपाट, लांबलचक. सरळ रेषेत ओढत जायचं, टोकाला मोठं वळण घ्यायचं. आपल्याकडे मोठं वळण कुठे घेणार? पंधरा पावलांवर कलम, त्याच्या पुढे गडगा (दगडी बांध), मग खालचा मळा. ओढायचं यंत्र मागे घेणं म्हणजे ट्रॉली रिव्हर्स घेण्यासारखं, आणि मागे घेताना ते उचलताही येत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडांवर (थ्री पॉइंटवर) बसलेला स्लॅशर लिव्हर ओढला की वर येतो, जागेवर वळता येतं. शिवाय सांभाळायला इंजिनं दोन, त्यातल्या एकाचे सुटे भाग सातासमुद्रापार. भावाला सांगा, भेट म्हणून चांगले हातमोजे आणि डोळ्यांचे गॉगल पाठव.

भावाच्या तोंडी ‘बुशहॉग’ हा शब्द आला असेल तर गोंधळू नका. १९५१ साली अलाबामातल्या सेल्मा गावात सुरू झालेल्या कंपनीचं ते नाव. आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं तिकडे ट्रॅक्टरमागच्या कुठल्याही रोटरी कटरला बुशहॉग म्हणतात. आपण ज्याला स्लॅशर म्हणतो तो तोच.

आता स्लॅशर आणि मल्चर. स्लॅशरमध्ये मधोमध उभा गिअरबॉक्स, त्याखाली आडवी फिरणारी दोन किंवा तीन जाड पाती. पाती बोल्टवर मोकळी लटकलेली असतात, दगड लागला की मागे दुमडतात. मल्चरमध्ये आडवा रोळ, त्यावर डझनांनी लहान पाती किंवा हातोडे. तो गवताचा, फांद्यांचा भुगा करतो, जमिनीवर सारखा पसरतो. काम बघायला मल्चरचंच सुंदर. द्राक्षाच्या छाटणीचं लाकूड, केळीचे खुंट, उसाचं पाचट असेल तर मी डोळे मिटून मल्चर सांगेन, आणि नाशिक-सांगलीकडचे लोक तो घेतात ते बरोबरच आहे. पण राजापुराकडे गवतात दडलेला जांभा असतो. रोळावर दोन दगड नीट बसले की चार हातोडे जातात, रोळाचा तोल बिघडतो, यंत्र थरथरायला लागतं आणि मग बेअरिंग. त्याच रुंदीला मल्चर ताकदही जास्त मागतो, किंमतही बरीच जास्त. तुमच्या जमिनीला स्लॅशरचा रांगडेपणाच मानवेल.

दुकानात ‘फिनिश मॉवर’ नावाचं चार लहान चाकांवरचं गुळगुळीत यंत्र दाखवतील. ते क्रिकेटच्या मैदानासाठी. विषय संपला.

रुंदी किती? ढोबळ हिशोब असा की स्लॅशरच्या दर फुटाला पीटीओवर पाच एचपी तरी हवी. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेली एचपी इंजिनाची असते, पीटीओपर्यंत पोचेस्तोवर त्यातली पंधरा-वीस टक्के गळते. म्हणजे महिंद्रा जिवो किंवा कुबोटा निओस्टारमधला २४ एचपीचा ट्रॅक्टर घेतलात तर पीटीओवर वीसच्या आसपास, म्हणजे चार फुटी स्लॅशर. तो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या रुंदीएवढा किंवा थोडा जास्त हवा, नाहीतर चाकाने दाबलेलं गवत तसंच राहतं आणि आठवड्याने पुन्हा मान वर काढतं. विक्रेता पाच फुटी गळ्यात मारू पाहील, “साहेब, कामं लवकर उरकतील” म्हणेल. उरकत नाहीत. भाद्रपदातल्या ओल्या गवतात इंजिन गुदमरतं आणि तुम्ही पहिल्या गिअरमध्ये रांगता. चारचाकी ड्राइव्ह मात्र घ्याच, ओल्या उतारावर त्यावाचून हाल आहेत.

किती जाड काडी कापेल हे नक्की विचारा. हलका स्लॅशर अंगठ्याएवढी, म्हणजे इंचभर. मध्यम दोन इंच. त्यापुढचे भारी स्लॅशर मिनी ट्रॅक्टरला उचलवत नाहीत. तुमच्याकडे दहा-बारा वर्षांचं रान आहे. त्यात मनगटाएवढा कुडा, करवंदाच्या जाळ्या, माणूस दिसणार नाही एवढी घाणेरी आणि मधूनमधून ऐन-किंजळ उगवलेला असणार. यात स्लॅशर घातलात तर आठवड्यात भंगारात जाईल. म्हणून म्हटलं, या वर्षी नको.

पहिल्या वर्षी चार गडी आणि खांद्याला अडकवून चालवायचे दोन ब्रश कटर लावा, करवती पात्याचे. नायलॉनची दोरी गवतापुरती. आधी कलमांभोवतीची बेणणी (तण-झुडपं काढणं), मग मधली जागा. ऐन, किंजळ, खैर, फणस, जांभूळ असली झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते, १९६४चा वृक्षतोड कायदा आहे, तेव्हा ती खुणा करून बाजूला ठेवा. आणि गड्यांना एक गोष्ट रोज सकाळी बजावा: खुंट जमिनीलगत कापायचा. कोयत्याचा तिरका घाव घालून वीतभर ठेवलेला करवंदाचा खुंट वाळला की खिळ्यासारखा होतो. माझ्या ट्रॅक्टरची दोन टायरं अशाच खुंटांनी फाडली. घाणेरी तर नुसती कापून भागतच नाही, कापली की दुप्पट फुटते. पावसात माती मऊ असताना कुदळीने गड्डा उपटायचा. जेसीबी आणून एका दिवसात सगळं साफ करण्याचा मोह होईल. कातळाजवळ मातीचा थरच हातभर. जेसीबी झुडपाबरोबर तीही घेऊन जातो, मग पुढच्या पावसात खाली नुसता जांभा उघडा. माझ्या शेजाऱ्याने केलं, अजून माती वाहून आणतोय.

दुसऱ्या वर्षी नुसतं गवत, रानमोडी या तणाचे कोवळे कोंब आणि मऊ काड्या उरतील. तेव्हा स्लॅशर. चार फूट रुंदी, ताशी तीन किलोमीटरचा वेग, म्हणजे कागदावर तासाला पाऊण-एक एकर. झाडं चुकवत, दगड बघत चालवलं की अर्धा एकर धरा. तुमचं सगळं रान दोन दिवसांत होतं. ब्रश कटरवर एक गडी दाट गवतात दिवसाला आठ-दहा गुंठे करतो. तुमचे दोनशेवीस गुंठे. हिशोब तुम्हीच करा, आणि गडी मिळतो का तेही बघा. बुंध्याभोवतीचं मात्र हातानेच करावं लागेल, कलमाच्या खालच्या फांद्यांत ट्रॅक्टर शिरत नाही.

वर्षातून दोनदा फिरवतो मी. एकदा ऑगस्टअखेर, पावसाने उघडीप दिली की, आणि दुसऱ्यांदा ऑक्टोबर संपताना. रानमोडी दिवाळीनंतर फुलायला लागते आणि मग तिचं बी वाऱ्यावर उडतं, त्याआधी ती पडली पाहिजे. दुसऱ्या फेरीनंतर फवारणीला वाट मोकळी होते, मार्चमध्ये काजूची बी वेचायला तळ स्वच्छ मिळतो, आणि वणवा आला तर उभ्या गवतात पेटतो तसा कापलेल्यात पेटत नाही. तरीही हद्दीलगतचं कापलेलं गवत ओढून बाजूला करा. शेजारच्या रानातून खाजकुइली वेलावली असेल तर शेंगा वाळायच्या आत तो भाग उरका. वाळलेल्या शेंगांवर एकदा स्लॅशर फिरवला होता. कूस उडून अंगभर बसली, तीन आंघोळी केल्या, बायकोने घरात घेतलं नाही.

आता माझ्या दोन चुका. पहिली: स्लॅशरच्या शाफ्टवर एक मुद्दाम मऊ ठेवलेला बोल्ट असतो, शिअर बोल्ट. पातं कशात अडकलं की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. पहिल्या महिन्यात माझे पाच तुटले. वैतागून गावातल्या वेल्डरकडून कडक हाय टेन्साइल बोल्ट बसवून घेतला. तो तुटला नाही. सहाव्या दिवशी गवतात बुडालेल्या जुन्या खुंटावर पातं बसलं आणि आतली बेव्हल गिअर गेली. गिअरबॉक्स येईपर्यंत हंगाम संपला. कंपनीने सांगितलेलेच बोल्ट घ्या, डझनभर खिशात ठेवा. घसरणारा क्लच असलेला स्लॅशर मिळाला तर आणखी चांगलं, पण वर्षातून एकदा तो क्लच ढिला करून घसरवून बघावा लागतो, नाहीतर गंजून चिकटतो आणि असून नसल्यासारखा.

दुसरी चूक जिवावर बेतली असती. माझा जुना ट्रॅक्टर सिंगल क्लचचा. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण खाली फिरणारी जड पाती काही लगेच थांबत नाहीत. त्यांचा वेग पीटीओतून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि चाकं पुढे ढकलतो. गडग्याजवळ मी क्लच दाबून थांबायला गेलो आणि ट्रॅक्टर थांबलाच नाही. पुढची चाकं गडग्यावर चढली, गडगा ढासळला, मी स्टिअरिंगला लटकलो. पलीकडे दोन पुरुष उंचीएवढा खाली मळा होता. यावर उपाय एवढासा: पीटीओला बसणारा ओव्हररनिंग क्लच, एकाच दिशेने जोर देणारा, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. तुमच्या ट्रॅक्टरचा पीटीओ स्वतंत्र नसेल तर हा बसवल्याशिवाय एक फूट गवत कापू नका. विक्रेत्याने मला हे सांगितलं नव्हतं, तुम्हालाही सांगेल असं धरून चालू नका.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. टॉवेलचं टोक किंवा ओढणी अडकली तर ‘थांबव’ म्हणेपर्यंत काम झालेलं असतं. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कवच तुटलं तर काम थांबवून नवीन आणा. पात्याचं टोक ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास पळतं, तेव्हा उडणारे दगड अडवणाऱ्या मागच्या-पुढच्या साखळ्या काढू नका, आणि गडी पाहायला जवळ उभे राहतात त्यांना हाकला. अमेरिकन मॅन्युअलमध्ये माणसं तीनशे फूट लांब ठेवा असं लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. उतारावर आडवं चालवू नका, वर-खाली चालवा. आणि रान पहिल्यांदा कापताना आधी काठी आपटत चालत एक फेरी मारा. दगडही कळतात, गांधीलमाशांची पोळीही कळतात, आणि कातळावर फुरसं असतंच.

घ्यायचं ठरलं की आधी महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर अर्ज टाका. पूर्वसंमती येण्याआधी बिल फाडलं तर अनुदान गेलं. स्लॅशर फिल्डकिंग, शक्तिमान यांचे येतात. मी नावापेक्षा रत्नागिरीत किंवा कोल्हापुरात पाती आणि गिअरबॉक्सचं सील कोणाकडे मिळतं ते आधी बघतो. रस्ता मात्र स्वतः मोजा. वाडीतून जमिनीपर्यंत पाखाडीच (दगडी पायऱ्यांची वाट) असेल तर ट्रॅक्टर उतरणारच नाही, मग हे सगळं विसरून दोन चांगले ब्रश कटर घ्या. बेडं (कुंपणाचं फाटक) किती रुंद आहे तेही टेपने बघा. चार फुटी स्लॅशरची बाहेरची रुंदी चार फुटांहून जास्त भरते.

आणि डिलिव्हरीला माणूस येईल तेव्हा पीटीओ शाफ्ट तुमच्याच ट्रॅक्टरला जोडून, स्लॅशर पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून लांबी तपासायला लावा. लांब पडला तर त्याच्याकडूनच तिथल्या तिथे कापून घ्या. लांब शाफ्ट उचलताना आत दबतो आणि ट्रॅक्टरच्या पीटीओचं बेअरिंग फोडतो, आणि ते वॉरंटीत बसत नाही.