जुना पार्ट फेकू नकोस

गड्या,

पत्र मिळालं. मोठ्या गाडीच्या एकाच हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, तिसऱ्यांदा गळालं, मालक तुझ्यावर भडकलेत, आणि तू मला विचारतोस की आता कंपनीचं सील घालू की बाजारातलं चांगल्या मेकचं. दोन पानं नुसती मेकवर लिहिलीस. काढलेली तिन्ही सिलं कशी दिसत होती यावर एक ओळ नाही. कुठे आहेत ती? भंगारातच ना?

मग मी सांगू काय तुला? जुना पार्ट का गेला हे कळल्याशिवाय नवा मागवायचा नाही. माझ्या हाताखाली जे जे राहिले ते या वाक्याला कंटाळले होते. तूही कंटाळ, पण ऐक.

सीलची लिप, म्हणजे आतली रबरी कड, एकाच बाजूला झिजली असेल तर ते तिरकं बसलंय, म्हणजे कुणीतरी बसवायचं टूल न घेता हातोडीने कडेकडेने ठोकलंय. लिप कडक होऊन तडकली असेल तर हब तापतोय. ब्रेक धरून राहतो का, बेअरिंग जास्त आवळलं का, ते बघ. लिप धड असेल तर स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) पुसून जिथे लिप टेकते तिथे नख फिरव. नख अडकलं की खाच पडली समज, आणि खाचेवर जगातलं कुठलंही सील टिकत नाही. तिथे स्लीव्ह, म्हणजे धातूची पातळ नळी, चढवावी लागते. मग डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) लाव. आवळून ॲडजस्ट करायच्या टेपर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगला साधारण 0.025 ते 0.125 मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, हवा, तुझ्या ॲक्सलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. प्ले त्याहून जास्त असेल तर चाक डुलतं आणि सील बिचारं एकटं काय धरणार? बेअरिंग बदलायची वेळ आली तर आतला कोन आणि बाहेरचा कप दोन्ही बदल. जुन्या कपात नवा कोन घालणारे मी पाहिलेत, आणि त्यांच्याच गाड्या परत येताना पाहिल्यात.

एवढं सगळं ठीक निघालं तर ॲक्सल हाउसिंगवरचा ब्रीदर काढून फुंक. तो मातीने बुजला की तापलेल्या हाउसिंगमधली हवा बाहेर पडायला वाट शोधते आणि तेलाला सीलमधून ढकलत नेते. बोटभर तुकडा, पण त्याच्यापायी सिलांमागून सिलं जातात आणि शिव्या सील बनवणाऱ्याला बसतात. तेल ब्रेक लायनरवर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांवर) गेलं असेल तर लायनर धुऊन परत लावू नकोस. तापले की शोषलेलं तेल पुन्हा वर येतं. लायनर बदल, आणि त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे बदल, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढेल.

आता तुझा मेकचा प्रश्न. ब्रेक, स्टिअरिंग आणि हब इथे मी हलकी वस्तू कधी घातली नाही. आरसा, मडगार्ड, दिव्याची पट्टी यात मालकाचे पैसे वाचव की, कोण नको म्हणतंय? पण मेकच्या आधी तो पार्ट तोच आहे का हे बघायचं असतं. चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढ. मॉडेलच्या नावावर जाऊ नकोस, एकाच मॉडेलमध्ये मधेच ॲक्सल बदललेला असतो. नंबर बदलून नवा आला असेल तर नव्या नंबरची खात्री करून घे आणि जुन्या पार्टची मापं व्हर्नियरने घेऊन ताडून बघ. जुना पार्ट भंगारात टाकलास तर मापं कशाची घेशील?

ब्रेक चेंबरचंच बघ, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याचं. तीस टाइपचे, म्हणजे एकाच मापाचे, दोन चेंबर हुबेहूब दिसतात, एक साध्या स्ट्रोकचा आणि एक लाँग स्ट्रोकचा, म्हणजे दांडा जास्त बाहेर येणारा. एका ॲक्सलवर एक हा आणि एक तो बसवला की ब्रेक सारखे लागणं संपलं. बोल्टचंही तसंच. डोक्यावर 10.9 हा ताकदीचा आकडा लिहिलेल्याच्या जागी 8.8 घातला तर आट्या जुळतात, नट छान बसतो, फक्त ताकदीत 1000 मेगापास्कलच्या जागी 800 उरतात.

ऑटो स्लॅक ॲडजस्टरवरून (ब्रेक झिजेल तसं अंतर आपोआप जुळवणाऱ्या पार्टवरून) तर माझी भांडणं झालीत. लोकांची रीत अशी, ब्रेक खाली गेला की तो पान्याने फिरवायचा आणि गाडी सोडायची. अरे, तो आपोआप ॲडजस्ट होण्यासाठीच आहे! हाताने फिरवावा लागतोय म्हणजे तो तरी बिघडलाय किंवा ब्रेकच्या कॅमशाफ्टचे बुश नाहीतर जोडणारी क्लेव्हिस पिन झिजलीय. मी गाडी सोडत नसे. एका ठिकाणी मला तोंडावर सांगितलं गेलं की तुमच्यामुळे गाड्या उभ्या राहतात. राहत होत्या. पण त्याच कामासाठी परत किती आल्या, हे मोजायला कुणी तयार नव्हतं. मी हळू होतो हे मान्य, पण चुकीचा होतो हे आजही मान्य नाही.

तिथे मी एका रॅकवर मेलेले पार्ट मांडून ठेवले होते, प्रत्येकाला चिठ्ठी: किती किलोमीटर चालला, का गेला. ऑइलची नळी न बदलता नवा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पार्ट) घातला म्हणून तेलावाचून जळालेला टर्बो. बाहेरून सुईने टोचल्यासारखी भोकं पडलेला सिलिंडर लायनर (इंजिनातलं नळकांडं, ज्यात पिस्टन फिरतो), कारण कूलंटऐवजी नुसतं पाणी भरलं होतं. लायनर थरथरतो, पाण्यात बुडबुडे होतात, फुटतात आणि धातू खातात. लोक त्याला गंज म्हणून मोकळे होतात. हवा मारून मारून कागद फाटलेला एअर फिल्टरही होता. मी सोडल्यावर तो रॅक किलोवर विकला गेला. नोकरी गेल्याचं इतकं वाटलं नाही, त्या रॅकचं अजून वाटतं. तू तुझा रॅक लाव. मालक हसले तर हसू देत.

चाक परत बसवलंस की 80 ते 160 किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे, हे ड्रायव्हरला लिहून दे. तोंडी सांगितलेलं राहत नाही.

आणि माझं ऐकून सगळंच उघडून बघायला जाशील, म्हणून हे लिहितो. स्प्रिंग ब्रेकचा, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने लागणाऱ्या ब्रेकचा, चेंबर उघडायचा नाही. आतली स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने दाबलेली असते, क्लँप सुटला तर माणूस जातो. चाकांना ठोकळे लाव, केजिंग बोल्टने स्प्रिंग बांध आणि अख्खा चेंबर उतरव. तो का गेला हे कळलं नाही तरी चालेल.