सुतातून करंट येतो, पण मोबाईल चार्ज होईल का?

प्रश्न: मी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, रोज सकाळी पांडवलेणी चढतो. मालेगावात भाच्याचे चार पावरलूम आहेत. त्याने व्हिडिओ पाठवलाय, कापड हललं की सुतातून करंट निघतो म्हणे, चालता चालता मोबाईल चार्ज. ‘मामा, दोन लाख टाका’ म्हणतोय. टाकू का? आणि धुतल्यावर ते टिकतं का?

उत्तर: काका, दोन लाख तूर्त बँकेतच राहू द्या.

करंट येतो हे खोटं नाही हां. पीव्हीडीएफ नावाचं प्लॅस्टिक आहे, त्याचा धागा ताणला की व्होल्टेज तयार होतं. स्वीडनच्या चाल्मर्स युनिव्हर्सिटीवाल्यांनी २०१८ मध्ये अशा धाग्याचा बॅगेचा पट्टा विणला, आत पुस्तकं भरून चालले, तर मिळाले ४ मायक्रोवॅट. म्हणजे एका वॅटचे दहा लाख तुकडे करा, त्यातले चार. तुमची ५,००० एमएएचची बॅटरी यावर भरायची तर रात्रंदिवस न थांबता चालून पाचशेच्या वर वर्षं लागतील. लेणी टिकतील तोवर, मोबाईलचं सांगता येत नाही! एवढ्याशा करंटवर फार तर एखादा बारका सेन्सर अधूनमधून चालेल.

पण धुण्याचं विचारलंत ते एकदम बरोबर विचारलंत, कारण खरी मेख तिथेच आहे. येवल्याच्या पैठणीतली जरीची तार बघा, आत रेशीम आणि वरून धातू गुंडाळलेला, ती वर्षानुवर्षं टिकते कारण पैठणी कोणी मशीनमध्ये घालत नाही. करंटवाल्या सुतावर पण वरून असा थर असेल तर पिळून, घासून त्याला चिरा जातात आणि खेळ खल्लास. स्वीडनवाल्यांनी मात्र करंट वाहणारा भाग धाग्याच्या पोटात घातला, आंब्यात कोय असते तसा, आणि गंमत म्हणजे तो पट्टा ओला झाल्यावर जास्त चांगला चालला. करंट काढायचा दुसरा प्रकार घर्षणाचा, थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ना तोच, पण दमट हवेत तो चार्ज निसटून जातो, मग नाशिकच्या पावसाळ्यात काय करणार?

भाच्याला एवढंच सांगा, सूतवाल्याकडून आधी एकच कांडी आण, थर वर आहे की आत ते विचार, लूमवर घाल, लूमच्या फणीत (कंगव्यासारखे दाते असतात त्यात) घासून तुटतं का बघ, मग कापड वीस वेळा धू आणि करंट मोजायचा मल्टीमीटर लाव. सुताला वायर जोडलेली असते तो जोड बहुतेक सगळ्यात आधी सुटेल.