अर्धशिशी की नुसतं डोकं दुखतंय?
ताई, दुखायला लागलं की जिना चढताना लक्ष द्या. ठणका वाढला, मळमळलं, उजेड नि आवाज नकोसा झाला तर बहुधा अर्धशिशी; औषध न घेता ती 4 ते 72 तास टिकते. नावावर जाऊ नका, दोन्ही बाजूंनाही ठणकते. डोक्याला फडकं आवळल्यासारखं, तरी कामं उरकतात, तो ताणाचा प्रकार.

सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात उपाशीपोटी बाजार केलात? डोकं कधी दुखलं ते टिपायला एक वही ठेवा, तिच्यात तेही लिहा. झोप, पाळी, गोळीही. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्याला 15 दिवस, असे तीन महिने चालल्या की गोळ्यांमुळेच डोकं दुखू शकतं. क्षणात असह्य कळ आली, बोलणं अडखळलं, तर वही राहू दे, सांगली-मिरजेतलं जवळचं मोठं हॉस्पिटल लगेच गाठा.