इंजिनिअरिंगच्या मिनी प्रोजेक्टसाठी सर्किट स्वतः डिझाइन करायचंय, रेडिमेड नको, सुरुवात कुठून करू?

सेकंड इयर ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), चौघांचा ग्रुप, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजून पंप चालू-बंद करायचा आणि लेव्हल मोबाईलवर दाखवायची, आणि सरांनी रेडिमेड चालणार नाही असं बजावलंय, एवढं तू लिहिलंयस. विषय जुना आहे, दरवर्षी कोणी ना कोणी घेतंच, पण म्हणून बदलू नकोस. जुन्या विषयात डिझाइन करायला जागा असते, नवीन भारी नावाच्या विषयात सगळा वेळ लायब्ररी इन्स्टॉल करण्यातच जातो. मी हार्डवेअरमध्येच नोकरी करते, त्यामुळे कोडबद्दल फार बोलणार नाही, ते तुम्हाला जमेल.

सर्किट शोधायला लगेच गूगल उघडू नका. आधी कागदावर आकडे लिहा. टाकी किती खोल आहे, लेव्हल किती अचूक हवी (पाव, अर्धी, पाऊण, फुल्ल एवढं कळलं तरी घरात कोणाची तक्रार नसते), टाकीपासून बोर्डापर्यंत वायर किती मीटर, पंप किती एचपीचा. अर्धं डिझाइन इथेच ठरतं आणि बहुतेक ग्रुप नेमकं हेच न करता मॉड्यूल आणायला पळतात.

मग पॉवर सप्लाय. हा कंटाळवाणा भाग आहे म्हणून सगळे शेवटी करतात आणि मग डेमोच्या दिवशी बोर्ड आपोआप रिसेट होतो. साधा हिशोब बघ. ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा प्रोसेसर बोर्ड, सगळं हाच चालवणार) वायफायवर डेटा पाठवताना क्षणभर अडीचशे मिलीअँपच्या आसपास किंवा त्याहून जास्त खेचतो, कंपनीच म्हणते की सप्लाय ५०० मिलीअँप देऊ शकणारा ठेवा. ५ व्होल्टच्या साध्या निळ्या रिलेची (कॉइलने चालू-बंद होणारा स्विच) कॉइल साधारण ७० मिलीअँप घेते. सेन्सर आणि डिस्प्ले धरून सरासरी २५० मिलीअँप समज. आता १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून ७८०५ या रेग्युलेटर आयसीने ५ व्होल्ट केले तर मधले ७ व्होल्ट त्या आयसीत उष्णता म्हणून जाणार, म्हणजे ७ गुणिले ०.२५, पावणेदोन वॅट. हीटसिंक नसलेल्या ७८०५ चं तापमान दर वॅटला अंदाजे ६५ अंशांनी चढतं, म्हणजे ११४ अंश, त्यात खोलीचे ३० मिळवले की १४४. डेटाशीटमधली मर्यादा १२५ आहे. आयसी जळणार नाही कदाचित, आतलं थर्मल प्रोटेक्शन त्याला बंद करेल, थंड झाला की परत चालू, आणि तुम्ही चौघं रात्रभर कोडमध्ये बग शोधत बसाल. हीटसिंक लावा, नाहीतर एलएम२५९६ वालं बक मॉड्यूल (फार गरम न होता व्होल्टेज कमी करणारं) घ्या, किंवा सरळ ५ व्होल्टचा चांगला मोबाईल चार्जर वापरा. तिन्ही चालतं, पण का निवडलं ते या हिशोबासकट वहीत लिहून ठेवा.

सेन्सरमध्ये खरी मजा आहे. स्वस्तातला पर्याय म्हणजे स्टीलचे प्रोब पाण्यात सोडायचे, पण त्यांना सतत डीसी दिला तर इलेक्ट्रोलिसिस होऊन प्रोब झिजतात आणि त्यावर थर चढतो, म्हणून रीडिंग घेताना तेवढाच क्षणभर व्होल्टेज द्यायचा आणि जमलं तर पोलॅरिटी आलटून पालटून. दुसरा पर्याय अल्ट्रासॉनिक, आवाज सोडून तो पाण्यावरून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढणारा. एचसी-एसआर०४ टेबलावर छान चालतो पण टाकीच्या झाकणाखाली वाफ धरते आणि तो उघडा असतो, फार दिवस टिकत नाही. वॉटरप्रूफ जेएसएन-एसआर०४टी घेतलात तर त्याला जवळचं वीस-पंचवीस सेंटिमीटर दिसतच नाही. म्हणजे टाकी काठोकाठ भरत आली की नेमकं तेव्हाच रीडिंग वेडंवाकडं येणार! मग सेन्सर झाकणाच्या वर पाइपचा तुकडा लावून उंच बसवा किंवा टाकी त्या अंतराआधीच भरली असं धरा.

अजून एक, आवाजाचा वेग २० अंशाला सेकंदाला ३४३ मीटर असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ ने वाढतो. मे महिन्यात काळ्या टाकीच्या आत ४५ अंश हवा असेल तर वेग ३५८ च्या आसपास जातो, म्हणजे चार टक्के फरक, एक मीटरला चार सेंटिमीटर. पाव-अर्धी दाखवायची असेल तर दुर्लक्ष करा, पण एक्स्टर्नलना हे गणित दाखवलंत तर पुढचे प्रश्न कमी येतात असा माझा अनुभव आहे. एचसी-एसआर०४ चाच वापर केलात तर त्याची एको पिन ५ व्होल्ट देते आणि ईएसपी३२ ची पिन ३.३ ची, मधे व्होल्टेज कमी करायला १ के आणि २ के च्या रेझिस्टरचा डिव्हायडर टाका. आणि पिना निवडताना ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत, १२ नंबरची पिन बूटच्या वेळी हाय राहिली तर बोर्ड चालूच होत नाही, हे आधी बघून घ्या.

माझं मत विचारशील तर काहीही सेन्सर वापरा, पण टाकीत वरच्या बाजूला एक साधा फ्लोट स्विच (पाणी तिथे आलं की सर्किट तोडणारा तरंगता स्विच) लावा आणि तो रिलेच्या कॉइलच्या सप्लायमध्येच सिरीजमध्ये घ्या, कोडमधून नाही. प्रोसेसर हँग झाला तरी पंप बंद झाला पाहिजे.

पंपाबद्दल स्पष्ट सांगते. एक एचपीची मोटर चालताना पाच-सहा अँप घेते आणि स्टार्टला त्याच्या कितीतरी पट, ते १० अँप छापलेले छोटे रिले अशा लोडवर कॉन्टॅक्ट चिकटवून घेतात. रिलेने कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा मोठा, दणकट रिले) चालवा, कॉन्टॅक्टरने मोटर. कॉलेजमध्ये तर मोटरच्या जागी ६० वॅटचा बल्ब लावून दाखवा, २३० व्होल्टचं कनेक्शन लॅब असिस्टंट समोर असतानाच करा, एकट्याने हॉस्टेलवर अजिबात नाही. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नका.

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायचा बोर्ड) एकेक ब्लॉक वेगळा चालवा. आधी फक्त सप्लाय, मग सप्लाय आणि रिले, मग सेन्सर. सगळं एकदम जोडून पॉवर देणं म्हणजे सगळ्या भाज्या एकाच कढईत टाकून मीठ कशात जास्त झालं ते शोधणं. मोठ्या ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काहींमध्ये मधोमध तुटलेल्या असतात, मल्टिमीटरने बीप वाजवून बघा.

सामान पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. ट्रान्झिस्टर, डायोड, रेझिस्टर लागतात त्याच्या दुप्पट आणा, पैशांनी काही फरक पडत नाही, परत जाण्याने पडतो. दुकानदार बीसी५४७ (रिलेची कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर) नाही म्हणून २एन२२२२ देईल, चालतो, पण त्याच्या पायांचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो, डेटाशीट बघूनच लावा.

पीसीबी किकॅड सॉफ्टवेअरमध्ये करा, फुकट आहे आणि कंपन्यांमध्येही वापरतात. बोर्ड बनवायच्या आधी लेआउट कागदावर शंभर टक्के स्केलला प्रिंट काढा आणि प्रत्येक कॉम्पोनंट त्यावर टोचून बघा. रिले आणि स्क्रू टर्मिनलचे फूटप्रिंट (बोर्डवरची त्यांच्या पायांची जागा) हमखास चुकतात. घरी इस्त्री आणि फेरिक क्लोराइडने (नको असलेलं तांबं खाणारं द्रावण) करणार असाल तर ट्रॅक १ मिमी ठेवा आणि बॉटम लेयर मिरर न करता प्रिंट करा, कागदावर अक्षरं उलटी दिसली म्हणजे बरोबर आहे. फेरिकचे डाग कपड्यावरून जात नाहीत आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. २३० व्होल्टचे ट्रॅक बोर्डच्या एका कडेला, बाकी सर्किटपासून निदान ६ मिमी लांब.

व्हायव्हाला ब्लॉक डायग्रामपेक्षा हा रेझिस्टर १ केच का, हेच जास्त विचारतात. बीसी५४७ च्या बेसला ३.३ व्होल्टवरून १ के लावला तर अडीच मिलीअँप जातो, कॉइलला ७० हवेत, गुणोत्तर तीसच्या आत, ट्रान्झिस्टरचा गेन त्याहून बराच जास्त, म्हणून तो सॅच्युरेट होतो, म्हणजे स्विचसारखा चालू होतो. हे चौघांपैकी कोणालाही विचारलं तरी सांगता आलं पाहिजे, फक्त सोल्डरिंग करणाऱ्याला नाही.

टाकीची खोली आणि वायरची लांबी कमेंटमध्ये टाक. वायर दहा मीटरच्या वर असेल तर सेन्सर आणि ईएसपी दोन्ही वरच ठेवायचे का, ते वेगळं बघावं लागेल.